दूरध्वनीवरील ‘कॉलबॅक’ : शब्द एक, हेतु दोन

घरच्या दूरध्वनीवरून कचेरीच्या संगणकाशीं संबंध जोडण्याची पद्धत आतां जवळजवळ लुप्त झाली आहे. तींतील ‘कॉलबॅक’, म्हणजे उलट हाक मारण्याची योजना, केवळ चोरट्यांपासून रक्षण व्हावें म्हणून असे, असा समज आढळतो. साधनें पाहतां तो अपुरा आहे, असें आमचें मत आहे.

घरीं बसून असें काम करण्याची प्रथा मोडेमाच्या प्रसारापूर्वींची आहे. इंग्लंडांत स्टेफनी शर्ली या बाईंनीं १९६२ सालीं घरीं राहणाऱ्या स्त्रियांकडून संगणकाच्या आज्ञावली लिहवून घेण्याचा व्यवसाय काढला. लिहिलेले कागद टपालानें जात. त्याच वर्षीं अमेरिकेंत सेकंदास ३०० बिट वेगाचा ‘बेल १०३’ मोडेम निघाला. १९६८ च्या कार्टरफोन निकालानें इतरांचीं यंत्रें तेथील दूरध्वनीच्या तारेस जोडण्याची वाट मोकळी झाली, आणि १९८१ च्या हेज कंपनीच्या ‘स्मार्टमोडेम’नें घरगुती संगणकास स्वतः नंबर फिरविणें सोपें केलें. ही सोय आगंतुकांसही लाभली. १९८३ सालीं मिलवॉकीच्या ‘४१४’ टोळीनें लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या संगणकांत शिरकाव केल्याचें उघड झालें.

कॉलबॅकची रीत अशी. कर्मचारी घरून नंबर फिरवून नांव व परवलीचा शब्द कळवी. कचेरीचें यंत्र ते पडताळून फोन ठेवी आणि आपल्या नोंदींत त्या नांवापुढें असलेला नंबर स्वतः फिरवी. परवलीचा शब्द चोरीस गेला तरी हाक जाई ती नोंदलेल्या घरींच.

आतां मूळ लेखाकडे वळूं. तारेवरून दोन संगणकांनीं कसें बोलावें हें ठरविणाऱ्या पी. पी. पी. नियमांत कॉलबॅकची तरतूद ‘आर. एफ. सी. १५७०’ या लेखानें केली. तो जानेवारी १९९४ चा असून विल्यम सिम्प्सन यांनीं संपादिला आहे. त्यांत या तरतुदीच्या उपयोगाचें उदाहरण दिलें आहे तें दूरध्वनीच्या खर्चांतील बचतीचें! १९९६ च्या विंडोज एन. टी. ४.० मध्यें याला पुष्टि मिळते. तेथें प्रत्येक माणसाकरितां तीन पर्याय होते : कॉलबॅक नाहीं, नंबर हाक मारणारानें सांगावा, नंबर आधींच ठरलेला असावा. दुसऱ्या पर्यायांत चोर आपलाच नंबर सांगूं शकतो. फार तर त्या नंबराची नोंद मागें राहते. तो पर्याय फिरतीवरील माणसाच्या सोयीचा व बिल कचेरीवर घालण्याचा. रक्षण होई तें तिसऱ्यानेंच, आणि बिलही कचेरीवरच पडे. येथें देहलीदीपन्याय लागू पडतो : उंबरठ्यावरचा एकच दिवा आंत व बाहेर उजेड देतो.

तिसऱ्या पर्यायासही मर्यादा होती. कांहीं दूरध्वनि-केंद्रांत हाक मारणारानें फोन न ठेवल्यास तार लगेच मोकळी होत नसे. चोर तार धरून ठेवून खोटा डायलचा सूर ऐकवी, आणि कचेरीचें यंत्र त्याच्याशींच पुन्हा जोडलें जाई. म्हणून उलट हाकेस निराळी तार वापरावी, असा सल्ला दिला जाई. नोंदलेल्या नंबरावरील हाका दुसरीकडे वळविल्या असल्यास तोही उपाय चालत नसे. तात्पर्य, कॉलबॅकनें पटे ती नंबराची ओळख, माणसाची नव्हे. आणि तिचा भरंवसा कचेरीच्या ताब्यांत नसलेल्या केंद्रावर असे.

पुष्कळ कचेऱ्यांनीं कॉलबॅक रक्षणार्थच योजला, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कोणत्याहि जुन्या कागदांत ‘कॉलबॅक चालू’ एवढाच उल्लेख असेल, तर त्यावरून रक्षणाचा हेतु सिद्ध होत नाहीं. कोणता पर्याय होता, उलट हाकेची तार निराळी होती काय, बिल कोणाच्या नांवें पडे, हीं तीन प्रमाणें पाहिलीं पाहिजेत. तीं यंत्रांच्या मांडणीपत्रकांत, कर्मचाऱ्यांच्या नंबरवहींत आणि बिलांत मिळतात. आणि रद्दींत प्रथम जातात तीं हींच. संग्राहकांनीं यंत्राबरोबर हे कागदही राखावे. प्रसिद्ध करतांना मात्र माणसांचे नंबर झांकावे. त्यांवांचून इतिहासाचें कांहींच अडत नाहीं.