रोजगार हमी कामांचे व्यवस्थापन (जव्हार-मोखाडा)

रोजगार हमी योजनेखालील कामांचे नियोजन, मजुरांची हजेरी, कामाचे मोजमाप, मजुरीवाटप व कामावरील सोयी यांच्या व्यवस्थेस रोजगार हमी कामांचे व्यवस्थापन म्हणता येते. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांत या व्यवस्थेचा संबंध थेट स्थलांतर व बालकुपोषण यांच्याशी येतो.

पार्श्वभूमी

या डोंगराळ भागात पाऊस भरपूर पडतो. परंतु सिंचनाअभावी बहुतेक शेती भात, नाचणी व वरई या खरीप पिकांपुरतीच मर्यादित राहते. कापणीनंतर वारली, कोकणा, ठाकर, कातकरी आदी समाजांतील अनेक कुटुंबे भिवंडी, वसई परिसरातील वीटभट्ट्या व बांधकामांवर जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. या काळात मुलांचा अंगणवाडी, शाळा व लसीकरणाशी संबंध तुटतो. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ मध्ये कुपोषणाने मोठ्या संख्येने बालके दगावली आणि या प्रश्नाकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. (कल्याण-कर्जत रेल्वेमार्गावरील वांगणी हे वेगळे गाव आहे.)

कायदेशीर चौकट

वि. स. पागे यांच्या संकल्पनेतून आकारास आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळाच्या काळात राज्यभर राबवली गेली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या अकुशल कामाची हमी दिली. मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्त्याची तरतूद त्यात करण्यात आली आणि कंत्राटदार नेमण्यास मनाई करण्यात आली.

नियोजन

मजूर 'नमुना ४' भरून कामाची मागणी करतो. दिनांकित पोच मिळाली नाही, तर १५ दिवसांची मुदत सिद्ध करणे कठीण जाते. भात झोडणी आटोपताच कामाची गरज भासत असल्याने मंजूर कामे त्यापूर्वीच तयार (शेल्फवर) असणे महत्त्वाचे ठरते. या भागात मजगी, दगडी बांध, वनतळी, फळबाग लागवड, रस्ते अशी कामे घेता येतात.

नेतृत्व व सहभाग

मजुरांच्या गटावर मेट असतो. हजेरी घेणे, कामाची आखणी करून देणे व पाणी-सावलीची सोय पाहणे ही त्याची कामे होत. मजुरी मोजमापावर ठरत असल्याने दिवसाचे अपेक्षित काम सकाळीच आखून देणारा मेट गटाची मजुरी वाचवतो. मेट गावातील व मजुरांच्या विश्वासातील असल्यास तक्रारी कामावरच मिटतात. ग्रामसभेतील सामाजिक अंकेक्षणात हजेरीपट व खर्च यांची जाहीर तपासणी होते. त्यामुळे मजुराला प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळतो.

मजुरी व सोयी

मजुरी १५ दिवसांच्या आत देणे बंधनकारक करण्यात आले. विलंब झाल्यास थकीत रकमेवर दररोज ०.०५ टक्के भरपाईची तरतूद आहे. वीटभट्टीचा मालक बहुधा हंगामापूर्वीच उचल देतो. त्यामुळे मजुरी रखडली की सरकारी कामावरील विश्वास उडतो व कुटुंब पुढील वर्षी उचल स्वीकारते. पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार पेटी आणि पाच वा अधिक लहान मुले असल्यास ती सांभाळण्यासाठी एक महिला अशा सोयी अपेक्षित आहेत. कुपोषणग्रस्त भागात ही शेवटची तरतूद विशेष महत्त्वाची ठरते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार वेतन व कामाची परिस्थिती सदोष असल्यास असंतोष वाढतो. मात्र खरी प्रेरणा कामाचे मोल व जबाबदारी यांतून येते. स्वतःच्या शेतातील मजगी वा फळझाडांचे काम मजुरास अधिक आपले वाटते, याची संगती या मांडणीशी लावता येते.

मर्यादा

१ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवरून, दिवसातून दोनदा छायाचित्रांसह हजेरी सक्तीची झाली. मोबाइल नेटवर्क क्षीण असलेल्या पाड्यांवर हजेरी न नोंदल्यास केलेल्या कामाची मजुरी बुडण्याचा धोका राहतो. मोजमाप, देयके व निधी यांचे टप्पे वेगवेगळ्या स्तरांवर असल्याने विलंबाची जबाबदारी निश्चित करणेही अवघड जाते. मेट व ग्रामरोजगार सेवक कितीही दक्ष असले, तरी निधी येणे त्यांच्या हाती नसते. मजुरांच्या रोषाला मात्र प्रथम त्यांनाच सामोरे जावे लागते.

हे सुद्धा पहा

* रोजगार हमी योजना
* वि. स. पागे
* जव्हार तालुका
* मोखाडा तालुका
* कुपोषण