अंगणात गेलेली शाळा

मुंबई इलाख्यातील प्राथमिक शिक्षणाचा वृत्तांत लिहावयास बसलेला मनुष्य स्वाभाविकपणेच कायद्यांच्या वाटेने जातो. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि 1906 साली तो सर्व बडोदे संस्थानास लागू केला. नामदार गोखल्यांनी 1911 साली मांडलेले विधेयक दुसऱ्या वर्षी वरिष्ठ कायदेमंडळाने 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले. विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने 1918 साली इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा मिळाली. या साऱ्या हुकूम-ठरावांच्या मुळाशी एकच गृहीत होते, ते असे की, शाळा बांधावी, मास्तर नेमावा, हजेरीपट उघडावा, म्हणजे मूल आपल्या पायांनी तेथे येईल, आणि न आले तर त्याच्या बापास दंड करावा. सहा-सात वर्षांखालील मुलाचा तर त्या दफ्तरात उल्लेखही नव्हता. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकास, समुद्रकाठच्या बोर्डी गावी आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक व अनुताई वाघ या दोन स्त्रियांनी जे कार्य केले ते नेमके या अनुल्लेखित मुलासंबंधी होते, आणि त्या कोणीही न तपासलेल्या गृहीतासंबंधीही होते.

जुन्या पंतोजींच्या शाळेविषयी आपण उपहासाने बोलतो. धुळपाटी, उजळणी, पावकी-निमकीचा घोष आणि कोपऱ्यात उभी केलेली छडी, एवढेच तिचे चित्र आपल्या मनात उरले आहे. परंतु तिच्यात एक गोष्ट अशी होती की जिची किंमत सरकारी शाळाखात्यास कळली नाही: मूल अक्षर आधी बोटाने धुळीत गिरवीत असे, लेखणी मागाहून येई. एका देशी शाळेत मुलांना वाळूत लिहिताना पाहूनच अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासेच्या अनाथालयात तीच युक्ती योजिली व ती घेऊन तो विलायतेस गेला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी मारिया माँटेसोरी या इटालियन विदुषीने खरखरीत कागदाची अक्षरे करून मुलांची बोटे त्यांवरून फिरविली, तेव्हा आमच्याकडील सुशिक्षितांनी त्या शोधाचे मनःपूर्वक स्वागत केले. घरच्या धुळपाटीची आठवण मात्र फार थोड्यांस झाली.

माँटेसोरीबाईंचे पहिले बालगृह 1907 च्या जानेवारीत रोम शहराच्या सान लोरेंझो वस्तीत उघडले. ती मजुरांची, चाळवजा इमारतींची, दरिद्री वस्ती होती. आईबाप कामावर गेले की मागे राहणारी पोरे जिन्यांची व भिंतींची नासधूस करीत, म्हणून मालकांनीच ती व्यवस्था केली होती. गरिबांच्या पोरांसाठी जन्मलेली ही पद्धती हिंदुस्थानात आली ती मात्र बव्हंशी सधनांच्या दारी, गुळगुळीत लाकडी दट्टे, गुलाबी मनोरा व रंगीत चकत्या असा महागडा सरंजाम बरोबर घेऊन. तिला देशी वळण देण्याचा पहिला निश्चयी प्रयत्न भावनगरास झाला. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची चिंता करता करता माँटेसोरीबाईंचे ग्रंथ त्यांच्या हाती पडले. नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत ते 1916 साली दाखल झाले, आणि 1920 साली तेथे त्यांनी बालमंदिर उघडले. मिशा असलेली आई, असे त्यांचे नाव गुजरातेत रूढ झाले, यातच त्यांच्या स्वभावाची ओळख आहे. त्यांनी गोष्टीला, गाण्याला व नाट्याला त्या साधनांच्या जोडीने मानाचे स्थान दिले. माँटेसोरीबाईंना परीकथांविषयी फारसा आदर नव्हता; गिजुभाईंनी या एका बाबतीत गुरूचे ऐकले नाही, ते माझ्या मते फार बरे केले.

याच बालमंदिरात 1923 साली ताराबाई आल्या. प्रार्थनासमाजी घराण्यातील केळकरांची ही कन्या 1914 साली पदवीधर झाली होती, पतीपासून विभक्त झाली होती, आणि राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाची प्राचार्य होती. ती प्रतिष्ठेची जागा सोडून तिने तीन वर्षांच्या पोरांत बसण्याचा निर्णय घेतला, हे त्या काळच्या व्यवहारी लोकांस वेडेपणाचे वाटले असल्यास नवल नाही. 1926 साली गिजुभाई व ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत व मग मराठीतही निघू लागली. 1936 साली दादरास ताराबाईंचे शिशुविहार उघडले. मुंबईच्या पांढरपेशा वर्गाने ते उचलून धरले, आणि बालशिक्षण ही एक मान्य, किंबहुना किंचित भूषणावह गोष्ट झाली. स्वतः माँटेसोरीबाई 1939 साली मद्रासेस, अड्यारला येऊन राहिल्या, महायुद्धामुळे येथेच अडकल्या, आणि त्यांच्या शिबिरांतून शिक्षकांची एक पिढी तयार झाली. येथवर आलेला कोणीही दुसरा मनुष्य कृतार्थतेने थांबला असता.

ताराबाई थांबल्या नाहीत. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, 1945 साली, त्यांनी बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. कस्तुरबा निधीच्या बोरिवली येथील शिबिरात त्यांना अनुताई भेटल्या होत्या. मोरगावची ही मुलगी तेराव्या वर्षी विवाहित व काही महिन्यांतच विधवा झालेली. पुढे शिकून तिने नाशिक जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिकेची व मग पुण्यास हुजूरपागेत नोकरी केली होती. बोर्डी म्हणजे चिकूच्या वाड्यांचे, पारशी बागाईतदारांचे, आचार्य भिशांच्या शाळेमुळे नावारूपास आलेले संपन्न गाव. परंतु त्याच्या मागे, लोहमार्ग ओलांडला की, वारल्यांचा मुलूख सुरू होई, आणि तेथे वेठबिगार, सावकारी व जंगलाच्या मक्तेदारांचा अंमल होता. त्याच 1945 सालच्या ऑक्टोबरात तलवाड्यास वारल्यांच्या जमावावर गोळीबार झाला होता. गोदावरी परुळेकर ज्या माणसांत लाल बावटा घेऊन हिंडत होत्या, त्यांच्याच पोरांत या दोघी फणी व तेल घेऊन हिंडू लागल्या. या दोन मार्गांची तुलना करण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु एकाच रानात दोन निरनिराळी कामे पडलेली होती, इतकेच म्हणणे न्यायाचे.

बोर्डीस आरंभी त्यांनी रीतसर बालवाडी काढली, आणि नेहमीचाच अनुभव आला. सवर्णांची मुले आली, हरिजनवाड्यातील आली नाहीत. आई पहाटे कामावर गेलेली, मुलाच्या अंगावर कपडा नाही, डोक्यात उवा, वाटेत दुसऱ्यांची घरे, आणि त्या घरांतील माणसांची नजर. वाड्यापासून बालवाडीपर्यंतचे अंतर पायांनी मोजले तर काही मोठे नव्हते. सरकारी हिशेबाने ते अंतरच नव्हते. तीन वर्षांच्या मुलाच्या हिशेबाने मात्र ते दुर्लंघ्य होते. तेव्हा मुले शाळेकडे येत नाहीत तर शाळा मुलांकडे नेली पाहिजे, असा निर्णय झाला, आणि वाड्यातल्याच एखाद्या अंगणात वर्ग भरू लागला. हीच अंगणवाडी. पुढील काळात जगभर ज्याची वाखाणणी झाली तो शोध मुळात हा एवढाच आहे, आणि तो ग्रंथांतून आलेला नाही.

त्या अंगणातील सकाळ पाटी-पुस्तकाने सुरू होत नसे. सेविकेच्या पिशवीत फणी, खोबरेल, नखे कापण्याची कात्री, साबणाचा तुकडा. विहिरीचे पाणी शेंदून मुलांना एकामागून एक न्हाऊ घालावयाचे, कान-नाक पुसावयाचे, केस विंचरावयाचे. आणि हे करीत असताना बोलत राहावयाचे, म्हणजे हाताची बोटे, डावे-उजवे, थंड-ऊन, कालचे-आजचे यांचा पाठ त्यातच होऊन जाई. मग अंगण झाडावयाचे, सडा घालावयाचा, आणि अभिनयाची गाणी म्हणावयाची. माँटेसोरीबाईंच्या दट्ट्यांची जागा समुद्रकाठच्या शंख-शिंपल्यांनी घेतली: लहानापासून मोठ्यापर्यंत ते ओळीने लावणे, रंगाप्रमाणे निवडणे, चिंचोक्यांनी मोजणे, पानाफुलांच्या माळा ओवणे, धान्य निवडणे व चाळणे. तत्त्व तेच राहिले, जिन्नस बदलले, आणि खर्च जवळजवळ नाहीसा झाला. पुस्तकबरहुकूम चालणाऱ्या पंडितांनी याला भ्रष्ट माँटेसोरी म्हटले असते. मला तर वाटते की सान लोरेंझोतील पोरांना ही शाळा दादरच्या शाळेपेक्षा अधिक ओळखीची वाटली असती.

1956-57 च्या सुमारास संस्थेचा मुक्काम कोसबाडास, वारल्यांच्या पाड्यांमध्ये हलला, आणि तेथे त्याच प्रश्नाने निराळे रूप घेतले. पाडे विरळ, टेकाडांवर विखुरलेले. पावसाळ्यात आवणीची, पुढे गवतकापणीची गडबड. सात-आठ वर्षांचा मुलगा गुरांमागे आणि त्याच वयाची मुलगी कडेवरच्या भावंडामागे. गुराख्याला शाळेत बोलावणे म्हणजे गुरांना उपाशी ठेवणे, हे उघड होते. म्हणून शिक्षकच रानात जाऊन गुरांच्या संगतीने वर्ग घेऊ लागला, त्यास कुरणशाळा हे नाव पडले. मुलीचा प्रश्न अधिक बिकट होता, आणि त्याचे उत्तर मला या सर्व प्रयोगांत श्रेष्ठ वाटते. विकासवाडी या नावाने पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. कडेवरचे मूल घेऊन मुलगी यावयाची, त्याला पाळण्यात ठेवावयाची, मधल्याला बालवाडीत सोडावयाची, आणि स्वतः वर्गात बसावयाची. धाकटे रडले तर तिच्या कानांवर पडावे इतक्या जवळ. मुलगी शाळेत का येत नाही याची कारणे आपल्याकडील कमिट्यांनी पुष्कळ लिहिली आहेत. त्या कारणालाच उचलून शाळेत आणण्याची बुद्धी कोसबाडास झाली.

1962 साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले, 1973 साली त्या निवर्तल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांत सुरू केली. मुंबईची धारावी व मेळघाटातील धारणी ही त्यांत होती, आणि योजनेच्या प्रत्येक केंद्रास अंगणवाडी हेच नाव दिले गेले. नाव देशभर गेले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु योजनेतील सहा सेवांपैकी शालापूर्व शिक्षण ही एक. बाकीच्या पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी वगैरे. कुपोषणाने पोरे मरत असलेल्या देशात आहाराला अग्रपूजा मिळाली, याबद्दल कोणी तक्रार करू नये. तथापि वजनाची नोंदवही आणि खिचडीचा हिशेब सांभाळणाऱ्या, वेतनाऐवजी मानधनावर राबणाऱ्या सेविकेला शिंपले मांडून बसण्यास सवड उरली नाही, हेही खरे. अनुताई 1992 पर्यंत हयात होत्या. हे सर्व त्यांनी कोसबाडच्या टेकडीवरून पाहिले.

दरम्यान अंगण जाऊन खोली आली, खोलीवर पाटी आली, आणि लोकसंख्येचे माप ठरले. माप ठरताच जुने अंतर पुन्हा उभे राहिले: केंद्र मोठ्या वस्तीत, आणि लहान पाड्यावरचे तीन वर्षांचे मूल ओढ्याच्या पलीकडे. अखेर दीडशे माणसांच्या वस्तीसही आपले केंद्र मिळावे म्हणून खात्याने मिनी अंगणवाडी मंजूर केली. आदिवासी पट्ट्यातील कित्येक पाड्यांवर ती मिळेल त्या घराच्या पडवीत भरू लागली.