व्हीएचएस कॅसेटवर एचडी व्हिडिओ रेकॉर्ड व्हायचा? हो, पण तुमच्या घरच्या कॅसेटवर नाही!

धानाची कापणी आटोपली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातल्या गावागावांत झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र रंगतात. वडसा म्हणजेच देसाईगंज हे या रंगभूमीचं केंद्र. हातोहाती मोबाईल येण्याआधी असं नाटक किंवा घरचं लग्न जपायचं, तर व्हीएचएस कॅसेट हा एक मार्ग होता.

आज पेटीतून अशी कॅसेट निघाली की पहिला प्रश्न येतो, ही एचडी करता येईल का? उत्तर टेपच्या रचनेत दडलंय.

टेपवर चित्र कसं बसतं?

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस आणलं. तिची टेप अर्धा इंच रुंद. भारतातल्या पद्धतीत ती सेकंदाला जेमतेम अडीच सेंटीमीटर पुढे सरकते. पण आतला ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्यावरची हेड टेपवर तिरक्या रेघा उमटवतात. प्रत्येक रेघेत अर्धं चित्र. तरीही आडव्या दिशेने फक्त २४० रेषांच्या आसपास तपशील मावतो. म्हणून जुनं लग्न धूसर दिसतं.

मग एचडी कसं जमलं?

भारतातल्या टीव्हीचं चित्र ६२५ रेषांचं होतं. जपानच्या एनएचकेने मात्र ११२५ रेषांचं 'हाय-व्हिजन' विकसित केलं. ते घरी रेकॉर्ड करता यावं म्हणून जेव्हीसीने १९९० च्या दशकात डब्ल्यू-व्हीएचएस आणलं. कॅसेटचा आकार तोच, पण आतली टेप धातूच्या बारीक कणांची. सिग्नल एका वेळी दोन समांतर रेघांमध्ये विभागून लिहिला जायचा. सगळं ॲनालॉग!

पण लवकरच डिजिटल आलं आणि हा प्रकार मागे पडला. जपानचं ॲनालॉग हाय-व्हिजन प्रसारण २००७ मध्ये बंद झालं. दूरदर्शनचं एचडी आलं २०१० मध्ये, कॉमनवेल्थ गेम्सच्या वेळी. म्हणजे भारतात एचडी टीव्ही रुजण्याआधीच ॲनालॉग एचडीचा जमाना संपला होता.

तुमच्या कॅसेटचं काय?

टेपवर जेवढं उतरलं, तेवढंच परत मिळतं. 'एचडी करून देतो' म्हणणारं सॉफ्टवेअर उरलेला तपशील अंदाजाने भरतं. त्यात आजीचा चेहरा गुळगुळीत होईल, पण तो आजीचाच राहील याची खात्री नाही. त्यामुळे आधी मूळ दर्जाची डिजिटल प्रत करून घ्या. प्रयोग नंतर, त्या प्रतीवर.

हे लक्षात ठेवा

- कॅसेटच्या काचेतून टेपवर पांढरे-राखाडी ठिपके दिसले तर ती बुरशी असू शकते. अशी कॅसेट लावू नका. टेप फाटू शकते आणि बुरशी मशीनमधून दुसऱ्या कॅसेटवर जाते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.
- जंगलपट्ट्यातला पावसाळी ओलावा टेपचा शत्रू. कॅसेट भिंतीपासून दूर, कोरड्या जागी, उभी ठेवा.
- मागच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही.

आणि उशीर करू नका. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्येच उत्पादन थांबवलं. चालू मशीन आणि ती दुरुस्त करणारे हात दोन्ही कमी होत चाललेत. कॅसेट शाबूत राहिली, तरी ती लावायची कशात हा प्रश्न उरेलच.