प्रस्तावना : स्कीवरचा भार

गुलमर्गला जाऊन आलेल्या मराठी मंडळींकडे स्नोमोबाइलची एक आठवण हमखास असते: भाड्यावरून झालेली घासाघीस, चालकाच्या मागे बसून मारलेली फेरी आणि हॉटेलवर परतल्यावर धरलेली पाठ. पाठ का धरली, हा प्रश्न बहुतेक जण बर्फाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. या पुस्तकाची सुरुवात त्याच प्रश्नापासून होते; पण पुस्तक घडते ते मिनेसोटात, क्वेबेकमध्ये आणि रॉकी पर्वताच्या उतारांवर. ही गाडी जन्मली, वाढली ती तिथे. नोव्हेंबर उजाडला, की तिथल्या गॅरेजांत एकच वाद रंगतो: पुढचे शॉक बदलायचे की यंदाही जुन्यांवरच भागवायचे?

त्या वादात पहिल्यांदाच पाय ठेवणाऱ्यासाठी हे पुस्तक आहे. तिकडे स्थायिक झालेल्या आणि शेजाऱ्याच्या नादाने गाडी घेऊन बसलेल्या मराठी माणसाला ते उपयोगी पडेल. पुण्या-सांगलीकडे यांत्रिकी शिकणाऱ्या मुलांनाही पडेल, कारण चाकांवाचून चालणाऱ्या गाडीचे सस्पेन्शन समजून घेतले, की चाकांच्या गाडीचेही जास्त चांगले कळते. शिवाय भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात निघाली ती गोव्यातून, आणि आपली ध्रुवीय संशोधन संस्था आजही वास्कोत आहे. बर्फावरची वाहने आपल्याला अगदीच परकी नाहीत.

शब्दांबद्दल आधीच सांगून टाकतो. सस्पेन्शनला ‘निलंबन’ म्हणण्याचा मोह मी टाळला आहे. तो शब्द वाचला की डोळ्यांपुढे शॉक येत नाही, लाच घेताना सापडलेला कारकून येतो. स्प्रिंग, शॉक, बुश, बॉलजॉइंट हे शब्द गॅरेजात जसे बोलतात तसेच ठेवले आहेत. पाटा मात्र पाटाच. एसटीच्या मागच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला पहिल्या स्नोमोबाइलचे पुढचे सस्पेन्शन वेगळे समजावून सांगायला नको.

या यंत्राच्या मुळाशी एक दुःख आहे. क्वेबेकमधल्या व्हॅलकोर्ट गावचा मेकॅनिक जोसेफ-आर्मां बोंबार्दिए याचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात दगावला. रस्ते बर्फाखाली गेलेले, दवाखान्यापर्यंत पोचायची सोय नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग बोंबार्दिए आधीपासून करत होता. १९३७ मध्ये त्याला दात्याच्या चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळाले. त्या गाड्या मोठ्या, अनेक माणसे बसतील अशा होत्या. एकट्यादुकट्याची, हौसेची स्की-डू आली १९५९ मध्ये. पुढे दोन स्की, त्यांच्यावर पाटे, मागे फिरता पट्टा. पाटा मजबूत खरा, पण एकदा दबला की उसळतो, आणि उसळी जिरवायला त्याच्याकडे पट्ट्यांच्या आपसातल्या घर्षणाखेरीज फारसे काही नसते. पुढे पोलारिसने १९८० च्या इंडी मॉडेलात प्रत्येक स्कीला पायाजवळून पुढे जाणारा स्वतंत्र लांब हात दिला. यामाहाने फेझरवर मोटारसायकलच्या फोर्कसारखी एकात एक सरकणारी नळी वापरून पाहिली. आज जवळजवळ सगळीकडे दिसते ती वर एक, खाली एक अशा दोन ए-आर्मची, म्हणजे ‘A’ अक्षराच्या आकाराच्या हातांची, रचना. हा इतिहास पहिल्या प्रकरणात सविस्तर आला आहे. तो वगळून पुढे जाणाऱ्यांवर माझा राग नाही.

पण दुसरे प्रकरण वगळू नका. पुढच्या स्कीवर किती भार पडेल, हे बऱ्याच अंशी मागे ठरते. सगळ्या पुस्तकाचा पाया हाच आहे. स्नोमोबाइल म्हणजे तिपाई: दोन पाय स्कीचे, तिसरा पट्ट्याचा. चालकाने थ्रॉटल दाबला की भार मागे सरकतो, स्की हलक्या होतात आणि हँडल वळवले तरी गाडी सरळच जात राहते. मागच्या सस्पेन्शनच्या पुढच्या भागात एक साधा पट्टीसारखा बंद असतो, लिमिटर स्ट्रॅप. तो एक भोक आवळला, की पट्ट्याचा पुढचा भाग तेवढा कमी खाली येतो आणि स्कीवरचा भार वाढतो. चालक कुठे बसतो यानेही तेच होते. २००३ च्या रेव्ह मॉडेलात स्की-डूने चालकालाच पुढे सरकवले आणि गाडीची सगळी चाल बदलून टाकली.

हे मला पुस्तकातून कळले असते तर पैसे वाचले असते. उत्तर मिनेसोटातला माझा पहिला हिवाळा. जुनी गाडी घेतली होती, ती वळणावर वळायलाच मागेना. एका दुकानात सल्ला मिळाला, पुढचे शॉक बदला. बदलले. महिन्याच्या घरभाड्याएवढे पैसे गेले आणि पुढच्याच वळणावर गाडी पुन्हा सरळ झुडपात. शेवटी शेजारचे आजोबा आले. त्यांनी गाडी कुशीवर आडवी केली आणि बोलले काहीच नाहीत, फक्त स्कीखालच्या कार्बाइडच्या धारेवरून अंगठा फिरवला. जी धार बर्फात रुतून गाडी वळवते, ती पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या विळीसारखी बोथट झाली होती. नव्या धारा बसवल्या, स्ट्रॅप एक भोक आवळला आणि गाडी वळू लागली. नवे शॉक वाईट नव्हते. ते माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, एवढेच.

तेव्हापासून मी न्हाणीघरातले दोन वजनकाटे वापरतो. दोन्ही स्कीखाली एकेक काटा, पट्ट्याखाली तितक्याच उंचीची फळी, वर मी नेहमीचे जाड कपडे घालून बसलेला, आणि आकडे वाचायला घरातले कुणीतरी. पहिल्याच दिवशी उजवा काटा डाव्यापेक्षा चार किलो जास्त दाखवत होता. डाव्या स्प्रिंगची कडी कधीतरी सैल झाली होती.

नवे ए-आर्म घेणाऱ्यांसाठी तिसऱ्या प्रकरणात थोडे गणित आहे, घाबरू नका. समजा, स्की १० इंच वर जाते तेव्हा शॉक ६ इंच दबतो. गुणोत्तर ०.६. शॉकवरची स्प्रिंग इंचाला १०० पौंडांची असेल, तर स्कीपाशी ती ६० पौंडांची वाटेल असे कुणालाही वाटते. प्रत्यक्षात ती वाटते ३६ पौंडांची, कारण गुणोत्तराचा वर्ग होतो: एकदा बळ कमी होते, एकदा अंतर. म्हणून शॉकचा टेकू थोडा सरकलेला नवा आर्म लावला, तर जुनीच स्प्रिंग अचानक मऊ किंवा ताठ होते. ‘आर्म बदलले आणि शॉक बिघडले’ अशी तक्रार करणाऱ्यांचे शॉक बहुतेक वेळा ठणठणीत असतात.

हवेच्या शॉकविषयीचे प्रकरण मला सगळ्यात आवडते. हवेचा शॉक हलका असतो, आणि चालकाचे वजन बदलले की पंपाच्या चार फटक्यांत जुळवता येतो. पण हवा थंडीत आक्रसते. उबदार गॅरेजात, २० अंश सेल्सिअसला, ६५ पीएसआय भरले आणि गाडी उणे २० मध्ये बाहेर काढली, तर मापकावर सुमारे ५४ उरतात. गळती नाही, बिघाड नाही. आकडा फक्त गॅरेजातला होता. दाब बाहेर, गाडी थंड झाल्यावर पाहायचा. कॉइल स्प्रिंगला हा त्रास नसतो. ती जड असते आणि प्रत्येक वजनासाठी वेगळी आणावी लागते. दोन्हींतला शॉक मात्र आतून सारखाच वागतो. तेल छिद्रांतून ढकलले जाते, तापते, पातळ होते, आणि लांबच्या खडबडीत वाटेवर दुपारपर्यंत गाडी उशी फाटल्यासारखी आपटू लागते. ज्यांचे शॉक उघडता येतात, त्यांनी नवे घेण्याआधी तेल, सील बदलून आणि नायट्रोजन पुन्हा भरून पाहावे. अर्ध्या खरेद्या तिथेच टळतात, असे माझे मत आहे.

भूप्रदेशाचा प्रश्न उरतो, आणि तिथे तडजोड नाही. मिनेसोटात दाबून सपाट केलेल्या वाटांचे जाळे वीस हजार मैलांहून मोठे आहे. तिथे रुंद पवित्रा हवा, स्कींमधले अंतर साधारण ४२ इंचांच्या आसपास, आणि वळणात गाडी कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा अँटी-रोल बार. रॉकीजच्या कमरभर भुसभुशीत बर्फात गाडी मुद्दाम कुशीवर कलवून उतार आडवा कापायचा असतो. तिथे साधारण ३६ इंचांचा अरुंद पवित्रा बरा, आणि तोच बार अडचण होतो. कित्येक जण काढूनच टाकतात. एकाच गाडीवर दोन्ही सुखे मिळतील असे सांगणारा माणूस काहीतरी विकत असतो.

कोणती कंपनी चांगली, याचे उत्तर या पुस्तकात नाही. फॉक्स, ओलिन्स, वॉकर इव्हान्स ही नावे येतात ती उदाहरणादाखल. क्रोमोली पोलादाच्या नळ्यांचे चमचमते आर्म कुणी कौतुकाने दाखवले, तर त्याला आधी बॉलजॉइंट हलवून पाहिलेत का, हे विचारा; झिजलेल्या बॉलजॉइंटवर लावलेला महाग शॉक म्हणजे भिजलेल्या भिंतीवर दिलेला रंग.

आता गाडी बाहेर ओढा आणि पूर्ण थंड होऊ द्या. टेप, वही आणि दोन वजनकाटे घ्या. दोन्ही बाजूंचे आकडे पहिल्या कोऱ्या पानावर तारखेसह लिहा, आणि मगच पान उलटा.