जुन्या नाण्याला खरंच लाखो रुपये मिळतात का? नाण्याचं मोल कसं ओळखायचं?

'वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर दहा लाख मिळतील', असे मेसेज आणि व्हिडिओ सोशल मीडियावर सतत फिरत असतात. नांदेड आणि लातूरमध्ये असे मेसेज पटकन खरे वाटतात, कारण इथल्या अनेक घरांत खरोखरच जुनी नाणी आहेत. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचं स्वतःचं चलन होतं, 'हाली सिक्का'. ते पूर्णपणे बंद झालं १९५९ मध्ये. पण आजीच्या पेटीतलं प्रत्येक नाणं दुर्मिळ नसतं आणि बँकेतून आलेलं प्रत्येक कोरं नाणंही महाग नसतं.

एका नाण्याच्या तीन किमती

पहिली दर्शनी किंमत, म्हणजे नाण्यावर छापलेली. दुसरी धातूची किंमत. तिसरी संग्राहक देतो ती किंमत. फसवणूक होते ती बहुतेक वेळा या तिन्हींची गल्लत झाल्यामुळे.

उदाहरण घेऊ. गुरु गोविंदसिंगजींच्या ३५० व्या प्रकाशपर्वानिमित्त १३ जानेवारी २०१९ रोजी ३५० रुपयांचं स्मारक नाणं प्रकाशित झालं. गुरुजींचं निर्वाण १७०८ मध्ये नांदेडला झालं, त्यामुळे या नाण्याबद्दल इथे वेगळी ओढ आहे. त्याची दर्शनी किंमत ३५० रुपये. वजन सुमारे ३५ ग्रॅम आणि त्यात निम्मी चांदी, म्हणजे साधारण साडेसतरा ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणलं की धातूची किंमत निघते. अशी नाणी बाजारात चालवण्यासाठी नसतात. टांकसाळ ती थेट संग्राहकांना विकते. त्यामुळे धातूच्या वर मिळणारी रक्कम तीन गोष्टींवर ठरते: किती नाणी निघाली, आज किती लोकांना हवी आहेत आणि तुमचं नाणं कोणत्या अवस्थेत आहे.

चारमिनारचा रुपया कसा वाचायचा?

हाली सिक्क्यावरचं साल हिजरी असतं आणि आकडे फारसी. १३३० हा आकडा वाचून 'सातशे वर्षं जुनं नाणं' असं समजणारे आहेत. प्रत्यक्षात हिजरी १३३० म्हणजे इसवी सन १९११-१२. चारमिनारच्या कमानीतलं अक्षरही पाहा. 'मीम' असेल तर नाणं मीर महबूब अली खान यांच्या काळातलं, 'ऐन' असेल तर मीर उस्मान अली खान यांच्या.

चांदीही सारखी नसते. आधीच्या रुपयाचं वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के, म्हणजे साधारण ९.१ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वजन तेच राहिलं, पण चांदी ५० टक्क्यांवर आली, म्हणजे ५.६ ग्रॅमच्या आसपास. वरून चारमिनार तोच दिसतो. म्हणून सराफाकडे जाण्याआधी साल वाचून घ्यावं.

'यूएनसी' म्हणजे नेमकं काय?

जे नाणं कधीच व्यवहारात फिरलं नाही ते 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे यूएनसी. नुसतं चकचकीत असणं पुरेसं नाही. नाणं कडेने धरून दिव्याखाली हळूहळू तिरपं करा. कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. सिंहाचं आयाळ, राजाचा गाल, मिनारांची टोकं असे उंच भाग सर्वांत आधी झिजतात. तिथे झीज दिसली तर नाणं यूएनसी नाही. बारीक ओरखडे मात्र कोऱ्या नाण्यावरही असू शकतात, कारण टांकसाळीच्या पोत्यात नाणी एकमेकांवर आपटतात.

'प्रूफ' नाणं वेगळं. ते खास चकाकी दिलेल्या साच्यातून काढतात, त्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. प्रूफ किंवा यूएनसी संच मूळ पाकिटातच ठेवावा. पाकीट फाडलं की किंमत घसरते.

चिंच आणि पितांबरी लांब ठेवा

जुन्या नाण्याचं सर्वांत मोठं नुकसान घरातच होतं. चिंच, राख, पितांबरी किंवा टूथपेस्टने घासलेलं नाणं चमकतं, पण त्याचा मूळ थर निघून जातो. अनुभवी संग्राहकाला हे लगेच कळतं आणि तो कमी किंमत देतो. हे नुकसान भरून निघत नाही. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटातही नाण्यावर हिरवट चिकट थर येतो.

टोकन हे नाणं नव्हे

राम दरबार किंवा हनुमानाचं चित्र आणि '१८१८, ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा' असं लिहिलेलं नाणं कंपनीने कधीच काढलं नाही. गुरु नानक, बाला आणि मर्दाना यांची चित्रं असलेली, काही वेळा संवत १८०४ कोरलेली नाणीही धार्मिक टोकनं आहेत. देवघरात त्यांचं स्थान वेगळं, पण चलन म्हणून त्यांना मोल नाही. सराफाकडच्या लक्ष्मीच्या चांदीच्या नाण्याचंही तसंच: वजन आणि शुद्धता पाहा.

विकण्यापूर्वी

ऑनलाइन जाहिरातीत मागितलेली किंमत ही मिळालेली किंमत नसते. लिलावात तेच साल, तीच टांकसाळ आणि तशीच अवस्था असलेलं नाणं प्रत्यक्ष कितीला गेलं ते पाहा. आजच्या नाण्यांवर सालाखालची खूण टांकसाळ सांगते: मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूण नसते.

नाणं विकून देतो म्हणून कोणी आधी नोंदणी, जीएसटी किंवा कमिशन मागितलं, तर व्यवहार तिथेच थांबवा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे उकळले जात असल्याचा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

कायदाही माहीत हवा. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. शेतात नांगरताना नाण्यांचा हंडा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.