तळटीप १४ : परभणीचे प्रबंध
१४. मूळ मजकुरातील ‘परभणीचे प्रबंध’ म्हणजे तेथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाला (स्थापना १९७२; सध्याचे नाव २०१३पासून) सादर झालेले प्रबंध. पूर्वी ते पाहायला ग्रंथालयच गाठावे लागे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३मध्ये मुक्त प्रवेशाचे धोरण स्वीकारले. आता तिच्या ‘कृषिकोश’ या डिजिटल भांडारात येथील अनेक प्रबंध, तसेच देशभरातील कृषिसंस्थांचे जुने ग्रंथ विनामूल्य वाचता येतात. मात्र त्यामुळे स्वामित्वहक्क संपत नाही. कायद्याने तो लेखकाच्या मृत्यूनंतर साधारणपणे ६० वर्षे टिकतो. तेव्हा अभ्यासकांनी खुशाल वाचावे, श्रेय देऊन आधार घ्यावा; पुनर्मुद्रण मात्र परवानगीनेच करावे. — संपा.