चेन्नईतील क्षयनिदान : प्राथमिक आरोग्य केंद्रांसमोरील आव्हान

क्षयरोगाच्या उपचारांच्या इतिहासात चेन्नईचे स्थान महत्त्वाचे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, तत्कालीन मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने १९५६ मध्ये येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन करण्यात आले. दाटीवाटीच्या वस्तीतील गरीब रुग्ण घरी राहून औषधे घेतात तेव्हाही आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होऊ शकतात आणि त्यामुळे कुटुंबीयांचा धोका वाढत नाही, हे या केंद्राच्या १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. हेच केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते.

उपचाराचा प्रश्न अशा रीतीने सुटला, तरी रुग्ण वेळेवर शोधण्याचा प्रश्न कायम राहिला. देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणातील निष्कर्ष या दृष्टीने बोलके आहेत. लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक उपचारासाठी कोठेही गेले नव्हते. छातीचा एक्स-रे काढला नसता, तर आढळलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटले असते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेला रुग्ण स्वतःहून केंद्रात येईल, या गृहीतकावर विसंबून राहता येत नाही, असाच याचा अर्थ होतो.

रोजंदारीवरील कामगाराला सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. साहजिकच तो प्रथम औषधाच्या दुकानातून खोकल्याचे औषध घेतो किंवा वस्तीतील खासगी डॉक्टरकडे जातो. तेथे दिल्या जाणाऱ्या काही प्रतिजैविकांनी क्षयाची लक्षणे तात्पुरती दबतात आणि निदान आणखी लांबते. दरम्यान एका खोलीच्या घरात संसर्ग सुरूच राहतो. खासगी डॉक्टरांनी क्षयरुग्णांची माहिती शासनाला कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे. या डॉक्टरांना क्षयरोग कार्यक्रमाशी जोडण्याचे काम चेन्नईत १९९९ मध्ये स्थापन झालेली ‘रीच’ ही स्वयंसेवी संस्था करीत आली आहे.

चेन्नई महापालिका व राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था यांच्या संयुक्त मोहिमेत एक्स-रे यंत्र बसवलेली फिरती वाहने वस्त्यांमध्ये नेण्यात आली. एक्स-रेमध्ये संशय आल्यास थुंकीची रेणवीय चाचणी केली जाते. या चाचणीत जंतूंबरोबरच रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला होणारा प्रतिरोधही काही तासांत कळतो. यासाठी वापरले जाणारे ‘ट्रूनॅट’ हे यंत्र गोव्यातील कंपनीने विकसित केले असून ते बॅटरीवर चालत असल्याने लहान केंद्रांतही वापरता येते.

यंत्र कितीही चांगले असले, तरी नमुना योग्य हवा. रुग्णाने लाळ आणून दिली, तर चाचणी व्यर्थ जाते. खोल श्वास घेऊन, जोराने खोकून छातीतून आलेला कफच द्यायचा, हे परिचारिकेने समजावून सांगण्यास दोन मिनिटे पुरतात; गर्दीच्या केंद्रात नेमकी तीच मिळत नाहीत.

मधुमेहींना क्षय होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत दोन ते तीन पट असतो. तामिळनाडू सरकारच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ योजनेत मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांना घरपोच औषधे दिली जातात. औषध देणाऱ्या कार्यकर्तीने त्याच भेटीत घरातील कोणाला खोकला, ताप आहे का, कोणाचे वजन घटले आहे का, एवढे विचारले, तरी केंद्रापर्यंत कधीच न येणारे रुग्ण सापडू शकतात.